ठेवा आता फोन, बाई!

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. चकतीचा, वेटोळ्या वायरीचा आणि चांगला वजनदार. आधीच सांगून टाकतो, माझ्यात फोटो निघत नाहीत, गाणी वाजत नाहीत आणि मला खिशात घालून कोणी फिरायला नेत नाही. नेलंच तर खिसा फाटेल. पण माझी घंटी वाजली की अजूनही अख्खं घर दचकतं. आहे का एवढा रुबाब नव्या फोनांना? ते बिचारे उशीखाली थरथरत पडलेले असतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कोणी माझ्या पोटात घंटी बसवली, कोणी तारा जोडल्या आणि शेवटी जाड चष्म्याच्या एका तपासनीस बाईनं माझी चकती फिरवून पाहिली. ती पूर्ण फिरली आणि कुरकुर करत परत जागेवर आली. "हा बोलका निघणार," ती म्हणाली. तिच्या तोंडात साखर पडो! मी इतका बोलका निघालो की आज तुम्हालाही पकडून बसवलंय.

मला घरी आणलं ते टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका तरुण ऑपरेटरनं. आता तिचे केस पांढरे झालेत, नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली तिला ऑपरेटरबाई म्हणते. मी नुसतं बाई म्हणतो. त्या काळी परगावी बोलायचं तर थेट नंबर फिरवून भागत नसे. आधी एक्स्चेंजला सांगायचं, मग कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाई एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात खुपसायच्या, आणि दोन गावांतली दोन माणसं बोलू लागायची. कोणाकडे बाळ झालं, कोणाला नोकरी लागली, सगळं बाईंच्या हाताखालून जायचं. तिथला एक नियम बाईंच्या हाडीमाशी खिळला. समोरचा बोलतोय तोवर ऑपरेटरनं लाईन तोडायची नाही. तो रडो, रागावो, नाहीतर उगाच आपल्यावर खेकसो. तो ठेवेल तेव्हा आपण ठेवायचं. फक्त परगावच्या कॉलची ठरलेली वेळ संपली, तर तसं सांगून लाईन बंद करायची.

घरीही तेच. एकदा एका माणसाला सुताराशी बोलायचं होतं आणि चुकून नंबर लागला आमचा. दुसरं कोणी असतं तर "राँग नंबर" म्हणून मोकळं झालं असतं. बाईंनी त्याच्या कपाटाची सगळी करुण कहाणी ऐकून घेतली, दाराला नवीन बिजागऱ्या लावा असा सल्ला दिला, आणि त्यानं फोन ठेवल्यावर मगच मला खाली ठेवलं. मी मनात म्हणालो, आपलं नशीब थोर, पण आपली विश्रांती संपली.

बाईंचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते त्यांच्या धाकट्या बहिणीशी. दोघींची लग्नं होऊन दोघी दोन टोकांच्या गावी गेल्या, आणि मधलं सगळं अंतर माझ्या वायरीवर आलं. धाकटीनं पहिल्यांदा स्वेटर विणला तेव्हा त्याचा एकेक टाका मी ऐकला आहे. बाईंचे यजमान गेले तेव्हा धाकटी पलीकडे काही न बोलता नुसता फोन धरून बसली होती, तेही मीच ऐकलं. मित्रांनो, मला त्या कामाचा फार अभिमान होता. आजही आहे.

पण अलीकडे धाकटीला कमी ऐकू येऊ लागलं. बाई एक विचारायच्या, ती भलतंच उत्तर द्यायची. बाई ओरडायच्या, ती म्हणायची, "ताई, रागावलीस का गं?" मग रागावले नाही, हे सांगायला बाई आणखी मोठ्यानं ओरडायच्या! ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण बाई मला खाली ठेवल्यावर बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसायच्या. हळूहळू फोन कमी झाले. धाकटीला लाज वाटायची आणि बाईंच्या घशाला त्रास व्हायचा.

तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, धाकटीला कानाचं चांगलं मशीन घेऊन द्यायचं. तिच्या गावच्या डॉक्टरांनी कान तपासून कुठलं घ्यायचं ते सांगितलं. ते होतं महाग. बाईंनी पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला टाकत वर्षभर पैसे साठवले, मशीन मागवलं, आणि दुकानदारानं सांगितलं, सुट्ट्यांमध्ये पार्सल घरी येईल, हातात पडल्यावर पैसे द्या. मग बाईंची लेक आणि जावई ते घेऊन धाकटीकडे जाणार होते. बाई रोज कोणाला तरी विचारायच्या, "आज पार्सलवाला दिसला का?"

मधल्या काळात घरात मोबाईल आला होता. लेकीनंच आणून दिला. त्याचं चार्जिंग माझ्याच शेजारच्या स्टुलावर. दिसायला गोरागोमटा, गुळगुळीत, आणि अंगात सतत वळवळ. बँकही त्यात, बाजारही त्यात, नातेवाईकही त्यात. माझ्यावर धूळ बसू लागली. एके दिवशी तर लेक सरळ म्हणाली, "आई, हा डबडा आता काढून टाकू या का? नुसतं बिल भरतोय आपण." डबडा! मला! मी ती गोष्ट अजून विसरलेलो नाही.

सुट्ट्या लागल्या आणि लेक-जावई राहायला आले. लेक नर्स आहे. काम चोख, माया भरपूर, पण जीभ तिखट. इस्पितळात तिनं ऐकलं होतं की सुट्ट्यांच्या दिवसांत फसवणुकीचे फोन फार येतात. लोक खरेदीत असतात, पार्सलांची वाट बघत असतात, घाईत असतात. तिनं आल्या आल्या बाईंना समोर बसवलं.

"आई, अनोळखी लिंक उघडायची नाही. नंबर सांगायचा नाही. कोणी घाई केली की फोन ठेवायचा. कळलं?"

"कळलं गं."

"काय कळलं?"

"तू फार दमली आहेस, ते कळलं."

लेक भडकली. "तुला कितीदा सांगायचं? असंच करत राहिलीस तर एक दिवस सगळं घालवून बसशील!" बाईंनी मोबाईल उपडा ठेवला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. मित्रांनो, ओरडा खाल्लेलं माणूस शिकत नाही, लपवायला लागतं. परवाच एक विचित्र मेसेज आला होता, तो लेकीला दाखवावा असं बाईंच्या मनात होतं. नाही दाखवला.

जावई गाडी चालवायला शिकवतो. गोलमटोल, हसरा, आणि नकला करण्यात एक नंबर. तो बायकोला म्हणाला, "भाषण ऐकून कोणी गाडी शिकतं का? मांजर आडवं आलं की विचार न करता पाय ब्रेकवर गेला पाहिजे. त्याला सराव लागतो. आईंना मी सराव देतो."

आणि मग आमच्या घरात जी काही मजा सुरू झाली, ती विचारू नका! जावई माझ्यापाशी उभा राहायचा, माझ्या तोंडावर रुमाल टाकायचा आणि माझ्यावरून बाईंच्या मोबाईलवर फोन लावायचा. आयुष्यभर इमानेइतबारे नोकरी केली आणि म्हातारपणी मला चोराची भूमिका! पण खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. बाई स्वयंपाकघरात, हातात मोबाईल.

"नमस्कार मॅडम, मी बँकेच्या मोठ्या ऑफिसातून बोलतोय. तुमचं खातं आज बंद होणार आहे."

"अगं बाई! कशामुळे?"

"ते विचारू नका. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत. पण तुमचा आवाज किती बसलाय! मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

लेक खुर्चीवरून ओरडायची, "आई, ठेव फोन! ठेव!"

"अगं, तो बोलतोय ना अजून. मध्येच कसा ठेवू?"

जावई हसून हसून भिंतीला टेकायचा. बक्षिसाचा फोन झाला, पोलिसांचा झाला, अडकलेल्या पार्सलाचा झाला. बाई नंबर काही सांगायच्या नाहीत, तिथं त्या हुशार. पण फोन? तो त्यांच्याच्यानं कधी ठेवला गेला नाही. एकदा तर चोरानं कंटाळून फोन ठेवला, तर बाई दारात येऊन विचारतात, "जावईबापू, लाईन तुटली का?"

शेवटी जावयानं जाहीर केलं, "हे फार सोपं होतंय. माझा आवाज दारातूनच ऐकू येतो. उद्या परीक्षा! केव्हाही फोन येईल, अनोळखी नंबरवरून येईल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शिंप्याचा मोबाईल मागून घेऊन, डोळे मिचकावत तो बाजारात गेला. लेक अंघोळीला गेली. बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ.

मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी आवाज मोठा करून मोबाईल समोर ठेवला.

"मॅडम, तुमचं पार्सल आमच्याकडे अडकलंय. पत्ता अपुरा आहे. आत्ता पक्का केला नाही तर परत जाईल."

"अरे देवा," बाई म्हणाल्या आणि मला डोळा मारला! म्हणजे बघा, त्यांना वाटलं हा जावईच. पार्सलाची नक्कल त्यानं कालच केली होती ना. आणि आवाज आज फारच छान बदलला होता. बाईंनी ठरवलं, रोज हा आपल्याला खेळवतो, आज आपण याला खेळवू. भोळी म्हातारी असं सोंग घेतलं की बस्स.

त्या माणसानं एक लिंक पाठवली. "वा, आज सगळं सामान घेऊन आलेत," बाई पुटपुटल्या आणि लिंक उघडली. त्यात कार्डाचा नंबर भरायचा होता. तोही भरला. घरच्याच माणसाला कार्ड दाखवायला कसली भीती? लगेच बँकेचा मेसेज आला, सहा आकड्यांचा. कोणालाही सांगू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाईंना वाटलं, जावईबापूंनी मेसेजसुद्धा काय हुबेहूब बनवलाय!

मित्रांनो, मी सगळं बघत होतो. पण माझी घंटी माझ्या हातात नाही. कोणी पलीकडून वाजवली तरच मी वाजतो. त्या पैशांत धाकटीचे कान होते हो!

"आकडे सांगा मॅडम. फोन ठेवू नका."

बाईंनी पहिला आकडा सांगितला. चष्मा वर-खाली करत दुसरा सांगितला. मग तिसरा. आणि म्हणाल्या, "थांबा हं, काच पुसते." मोबाईल स्टुलावर ठेवून त्यांनी माझा रिसीव्हर उचलला आणि चकती फिरवायला लागल्या. जावयाचा नंबर त्यांना तोंडपाठ. बेत असा होता की जावयाचा स्वतःचा फोन त्याच्या खिशात असणार. इकडून तो वाजवायचा, म्हणजे मोबाईलमधून खिशातली टुणटुण ऐकू येणार, आणि चोर मुद्देमालासकट सापडणार! माझी चकती कुरकुरत होती आणि बाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

पलीकडे रिंग गेली. मोबाईलमधून काही टुणटुण आली नाही.

मग माझ्यातून आवाज आला, "बोला आई! तेलाची बाटली मोठी आणू की लहान?"

आणि त्याच क्षणी मोबाईलमधून, "मॅडम, चौथा आकडा सांगा. वेळ जातोय."

बाईंचं हसू थांबलं. नोकरीत त्यांनी दोन कानांनी दोन गावं ऐकली होती. एक माणूस एकाच वेळी दोन तारांतून दोन गोष्टी बोलत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"जावईबापू, तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात, रांगेत उभा आहे. का?"

"मग माझ्या मोबाईलवर कोण बोलतंय?"

जावई असा ओरडला की माझी तार हादरली. "आई, ब्रेक! ब्रेक दाबा!"

बाईंनी मोबाईल हातात घेतला. लाल बटणावर अंगठा नेला, आणि अंगठा तिथंच थांबला. पलीकडचा माणूस बोलत होता ना! "मॅडम, फोन ठेवू नका, तुमचंच नुकसान होईल. मॅडम, ऐका." जन्मभराची सवय हो, ती अशी एका क्षणात सुटते का? मी मनातल्या मनात ओरडत होतो, ठेवा आता फोन, बाई! ठेवा!

बाई ताठ बसल्या. आणि त्यांच्या तोंडून एक आवाज आला, जो मी घरात कधीच ऐकला नव्हता. तो एक्स्चेंजमधला आवाज होता. थंड, स्पष्ट, सरकारी.

"आपली वेळ संपली आहे. लाईन बंद करत आहे."

आणि अंगठा दाबला.

लेक ओल्या केसांनी धावत बाहेर आली. सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हिची तोफ सुटणार. पण आईचा अंगठा अजून त्या लाल बटणावरच दाबलेला होता, ते तिनं पाहिलं. ती खाली बसली, दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू फोन लावलास ना विचारायला? झालं तर मग." नंतर तिनं कार्ड घेतलं, त्याच्या मागे छापलेला बँकेचा नंबर माझ्यावरून फिरवला आणि कार्ड बंद करायला लावलं. बँकेतली बाई म्हणाली, अर्ध्या आकड्यांनी काही होत नाही, पैसे जागच्या जागी आहेत. मी आजवर ऐकलेली सगळ्यात गोड बातमी तीच!

मग बाई हळूच म्हणाल्या, "मी जरा उद्धटपणेच ठेवला ना गं?"

लेक इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली.

जावई धापा टाकत आला. तेल दुकानातच राहिलं होतं. शिंप्याचा मोबाईल अजून खिशात. "परीक्षा रांगेतून सुटल्यावर घेणार होतो," तो म्हणाला आणि दाराशीच बसला. "आई, चुकलो. ब्रेक शिकवायला गेलो आणि तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून आलो."

"मग आता नीट शिकवा," बाई म्हणाल्या. "मांजर खरं की खोटं हे बघत बसतं का कोणी? आधी ब्रेक. तुमचा फोन असो, चोराचा असो, नाहीतर प्रत्यक्ष बँकेचा असो. मी ठेवणार. आणि मग यावरून," असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, "माझ्या माहितीच्या नंबरवर विचारणार. ज्याचं काम खरं असेल, तो रागावणार नाही."

तेव्हापासून सराव रोज होतो, आणि बाई रोज जिंकतात. जावयानं "नमस्कार" म्हणायचा अवकाश, खट! एकदा तर त्याला खरंच विचारायचं होतं की गॅस बंद केला का. तीन वेळा फोन लावला, तीनदा खट! शेवटी बिचारा पायऱ्या चढून घरी आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तशातली गत. पार्सल आलं तेव्हा पार्सलवाल्याला दारात बसवून, हातात चहा देऊन, बाईंनी माझ्यावरून दुकानदाराला विचारलं, "तुमचा माणूस हाच का?" तोवर त्याचा चहा पिऊन झाला होता. तो म्हणाला, सगळ्या घरी असा चहा मिळाला तर मला रोज संशय घ्या.

मशीन घेऊन लेक आणि जावई काल धाकटीच्या गावी गेले. आणि हो, मला काढून टाकायची गोष्ट आता कोणी काढत नाही. जाताना लेकीनं फडक्यानं माझी धूळ पुसली. डबडा शब्द तिनं परत घेतलेला नाही, पण पुसताना हात मऊ होता.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरी कोणी आजी असेल, काका असतील, ज्यांना मोबाईल अजून नवा आहे, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. हसत बसा. "एवढंही कळत नाही?" असं म्हणू नका, कारण फसवणारा त्यांच्याशी फार गोड बोलतो, आणि घरचे कडू बोलले तर माणूस गोडाकडे जातं. त्यांना सांगा की फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा नाही. शंका आली तर तुम्हाला केव्हाही फोन करायचा, आणि चूक झाली असली तरी करायचा, हेही सांगा. आणि त्यांचा फोन आला की तुम्ही तो उचला. घरात माझ्यासारखा एखादा जुना फोन असेल, तर त्याची धूळ पुसा, आणि त्याला डबडा म्हणण्याआधी—

थांबा, थांबा! मी वाजतोय!

बाई धावत आल्या, ओल्या हातांनीच मला उचललं. छातीत हवा भरून घेतली आणि सवयीनं ओरडल्या, "हॅलोऽऽ! कोण आहेऽऽ?"

"अगं ताई! केवढ्यानं ओरडतेस! कान फाटले माझे!"

बाईंनी तोंड उघडलं. सगळ्या गावांना बोलतं करणारी ऑपरेटर, आणि आज तिचीच बोलती बंद.

"ताई? आहेस ना गं तिकडे?"

"आहे गं," बाई म्हणाल्या, इतक्या हळू, इतक्या हळू, की मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं.

धाकटीला ऐकू आलं.